नवमीच्या नऊ गोळ्या

माझे सासरे तुळजापूरचे, पुजाऱ्यांच्या घरातले. एखाद्या दिवशी जप राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचे. राहिलेलं भरून काढलं की देवाच्या दारी चूक उरत नाही, हे ऐकवून ऐकवून त्यांनी आम्हाला वीट आणला होता.

त्यांचं काळीज मध्येच धावायचं, मध्येच अडखळायचं. सोलापूरच्या डॉक्टरांनी बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. तेव्हा मी सोबत होते. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "रोज एकच. एखादी राहिली तर राहू द्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. जास्त झाली तर हीच गोळी जीव घेईल." मामंजींनी मान हलवली. मान हलवायला काय जातं!

गोळ्यांनी गुण आला. देवळाच्या पायऱ्या ते पुन्हा एका दमात चढू लागले. मग नवरात्र आलं. उपासात इंग्रजी औषध पोटात जायला नको म्हणून त्यांनी डबी कोनाड्यात ठेवली. मी दोनदा आठवण केली, दोनदा बोलणी खाल्ली.

नवमीला उपास सुटला. जेवण झाल्यावर मामंजींनी डबी काढली. आठ दिवसांच्या आठ आणि त्या दिवशीची एक, अशा नऊ गोळ्या तळहातावर घेतल्या आणि म्हणाले, "सूनबाई, पाणी आण."

"मामंजी, डॉक्टर नको म्हणाले होते."

"तुला लई कळतं व्हय? राहिलेलं भरून काढायला नको?"

दसऱ्याला सकाळपासून ओकाऱ्या सुरू झाल्या. "सगळं पिवळं दिसतंय," ते म्हणाले. दारोदार झेंडूची तोरणं होती, म्हणून घरातले हसले. ते त्या गोळ्यांचं विष होतं, हे डॉक्टरांकडून नंतर कळलं. मी यांना म्हटलं, गाडी बघा, सोलापूरला न्या. हे म्हणाले, सणाच्या दिवशी गाडी कुठं मिळायची? दुपारी नाडी सापडेना. संध्याकाळी सोनं वाटायच्या आत मामंजी गेले.

गाव अजून म्हणतं, "केवढं पुण्य! नऊ दिवसांचा उपास पार पाडून दसऱ्याला गेले." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्यांच्या हट्टाचा राग येतो, आणि त्याहून जास्त माझा. त्या भरल्या घरात डॉक्टरांचं बोलणं ऐकलेली मी एकटी होते. तांब्या माझ्या हातात होता. तो मोरीत ओतून टाकायला हवा होता. मी पदर सावरला आणि तो त्यांच्यापुढं धरला.