जमलं तर निघा

कैलास भालचिम स्टेशन ऑफिसर झाला, त्या दिवशी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या सुहास तांडेलांनी. तांडेल म्हणजे बंबावरच्या जवानांचा म्होरक्या. आंदर मावळातल्या एका वाडीवरून कैलास बाविसाव्या वर्षी अग्निशमन दलात आला, तेव्हा पाण्याच्या जोरानं पाइप निसटू नये म्हणून काखेत कसा दाबून धरायचा, हे त्याला सुहासभाऊंनीच शिकवलं होतं. पुढे कैलासनं खात्याच्या परीक्षा दिल्या, नागपूरला जाऊन कोर्स केला आणि पंधरा वर्षांत भाऊंच्या वर जाऊन बसला. भाऊ तांडेलच राहिले. चारचौघांत ते त्याला 'साहेब' म्हणायचे, बंबात शेजारी बसले की 'कैल्या'. कैलास मात्र कुठंही 'भाऊ'च म्हणायचा.

आंबीजवळच्या एका गोदामाला आग लागल्याची वर्दी आली ती सकाळी साडेदहाला. आत पॅकिंगचा फोम ठासून भरलेला. भाऊ दोन जवानांना घेऊन आत शिरले. कैलास अधिकारी, म्हणून तो बाहेर, हातात वॉकीटॉकी घेऊन उभा. दहा-बारा मिनिटांनी धुराचा रंग बदलला. करड्याचा काळाकुट्ट झाला आणि दाराच्या निम्म्यापर्यंत खाली उतरला. पत्र्याखालचा लोखंडी सांगाडा मधोमध वाकलेला कैलासला स्पष्ट दिसला. आता माणसं बाहेर काढायला हवीत, हे त्याला कळलं. तो वॉकीटॉकीवर म्हणाला,

"भाऊ, जमलं तर निघा आता."

"दोन मिनटं साहेब," भाऊंचा आवाज आला. "आलीच हाय हाताशी. लय न्हाई ऱ्हायलं."

कैलास पुन्हा बोलला नाही. ज्या माणसानं आपल्याला आगीत उभं राहायला शिकवलं, त्याला आगीतलं काय सांगायचं? दोन मिनिटं झाली. दोन जवान पाइप मोकळा करायला दाराशी आले होते, ते वाचले. छत खाली आलं तेव्हा आत एकटे भाऊ होते.

चौकशी झाली. कैलासनं जे झालं ते सांगितलं, अक्षरही कमी-जास्त केलं नाही. 'अधिकाऱ्याने बाहेर पडण्याची सूचना दिली होती, दोष आढळत नाही,' असा अहवाल आला. सहकाऱ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवले. त्याला ते हात जाड कोटावरून लागावेत तसे लागले.

त्यानंतर त्याला रडू आलं नाही. तो वेळेवर कामावर जायचा, बंबांची पाहणी करायचा, वर्दी आली की जायचा. घरी सुषमानं विचारलं की जेवायचा. ती एकदा म्हणाली, "अहो, एकदा ओरडा तरी माझ्यावर." त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कशाबद्दल?" ती उठून आत गेली. आपण तिच्या मागं जायला हवं, हे त्याला समजत होतं. तो बसून राहिला.

तीन महिन्यांनी लोणावळ्याच्या एका हॉटेलात अधिकाऱ्यांसाठी नेतृत्व प्रशिक्षण होतं. असली प्रशिक्षणं कैलासनं आधी चार केली होती. पडद्यावर गरुड आणि सिंह, मग फुगे फुगवायचा खेळ, मग जेवण आणि प्रमाणपत्र. या वेळीही पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकानं हसतमुखानं विचारलं, "चांगल्या अधिकाऱ्याचे पाच गुण कोण सांगेल? तुम्ही सांगा सर."

कैलास उभा राहिला. "पाच नाही सांगता येणार," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा वयानं मोठ्या माणसाला 'बाहेर या' असं ठणकावून सांगता यायला हवं होतं. मला आलं नाही. माणूस गेला."

त्याचा आवाज हजेरी द्यावी तसा होता. प्रशिक्षकानं घाईघाईनं पुढचं चित्र लावलं.

मागच्या रांगेत दलाच्या प्रमुख यशोधरा मॅडम बसल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कैलासला बाजूला घेतलं. "हे कुठल्याच कोर्समध्ये नाही," त्या म्हणाल्या. "काय शिकवायला हवं ते लिहून द्या मला."

त्यानं अर्धं पान लिहून दिलं. त्यावरून वराळ्याच्या बाजूला एक बंद पडलेली शेड मिळाली, धूर सोडायचं यंत्र आलं. रीत साधी होती. दोन मुरलेले जवान धुरात जायचे. त्यांना आधीच सांगितलेलं असायचं, की अधिकाऱ्याचं पहिल्यांदा ऐकायचं नाही. सबबी सांगायच्या, हुज्जत घालायची. अधिकारी बाहेर उभा. पाइपला हात लावायचा नाही. आत किती गेले आणि बाहेर किती आले, एवढं मोजायचं आणि धोक्याची खूण झाली की माणसं बाहेर काढायची.

पण सुरू करण्याआधी कैलास कुसगावला भाऊंच्या घरी गेला. नंदावहिनी ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत होत्या.

"वहिनी, पोरांना शिकवताना भाऊंचं नाव घेतलं तर चालेल का?"

"त्यांनी ऐकलं न्हाई म्हनून सांगनार का?"

"नाही. मी नीट सांगितलं नाही, असं सांगणार."

वहिनींनी चार-पाच शेंगा सोलल्या. मग म्हणाल्या, "सांगा मग. पन भाऊजी, तुमी सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं असतं का, ते मला ठाव न्हाई. घरात कुनाचं ऐकायचे ते?"

हे सांत्वन होतं की नव्हतं, ते कैलासला कळलं नाही. त्यानं चहा संपवला आणि तो निघाला.

पहिल्या तुकडीत नऊ अधिकारी होते. नऊच्या नऊ नापास झाले. कुणी म्हणालं, "काका, प्लीज या ना." कुणी आत काय चाललंय ते बघायला स्वतःच धुरात घुसलं. हर्षदा शेटे नावाची नवी सब ऑफिसर सगळ्यात जास्त अवघडली, कारण आत तिच्याच केंद्रावरचे गेणूभाऊ होते, तिच्या वडिलांच्या वयाचे. ती म्हणाली, "भाऊ, बघा, म्हणजे तुम्हाला योग्य वाटलं तर..."

"थांब," कैलास म्हणाला. मग त्यानं आंबीची सगळी हकीकत सांगितली. आपण वापरलेले शब्द जसेच्या तसे सांगितले. "'जमलं तर' हे दोन शब्द मी मान ठेवायला म्हणालो. मान चहाच्या वेळी ठेवा. आग लागल्यावर नाव घ्यायचं आणि 'बाहेर' म्हणायचं. माणूस दिसेपर्यंत म्हणत राहायचं."

हर्षदानं सतरा वेळा केलं. अठराव्या वेळी गेणूभाऊ सबब न सांगता बाहेर आले आणि घाम पुसत म्हणाले, "आता हिचं ऐकावंच लागंल बाबा."

पाच महिन्यांनी कुसगावच्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघराला आग लागली. दुपारची वेळ. आत चार जण गेले. लाकडी माळ्याला तडे जाताना हर्षदाला दिसले आणि ती ओरडली, "गेणू, बाहेर! सगळे बाहेर!"

"थोडंच ऱ्हायलंय, मॅडम!"

"गेणू, बाहेर!"

चौघं बाहेर आले. मग बाहेरून पाणी मारत राहिले. माळा पडला नाही. स्वयंपाकघर आणि शेजारचं सभागृह मात्र जळून गेलं. मालकानं तक्रार केली, की जवान आतच राहिले असते तर निम्मं वाचलं असतं. केंद्रावरही कुजबुज झाली. गेणूभाऊ हर्षदाशी कामापुरतंच बोलू लागले.

ती कैलासला भेटायला आली. तिचे डोळे सुजले होते. "सर, माळा पडलाच नाही. म्हणजे मी चुकले?"

"आत किती गेले होते?"

"चार."

"बाहेर किती आले?"

"चार."

"मग आणखी काय हवं होतं?"

"पण सभागृह वाचलं असतं कदाचित."

"असतं कदाचित," कैलास म्हणाला. "ते कुणालाच कळणार नाही. तुलाही नाही. हे तुला सहन करावं लागेल. ते कसं करायचं, हे मी शिकवलं नाही. मला येत नाही ते."

तक्रारीला उत्तर त्यानंच लिहिलं: आदेश योग्य होता, प्रशिक्षणानुसार होता. यशोधरा मॅडमनी सही केली आणि वराळ्याचा सराव दर तीन महिन्यांनी सगळ्या अधिकाऱ्यांना सक्तीचा केला.

त्या संध्याकाळी सुषमानं विचारलं, "आज बरं वाटलं असेल ना?"

कैलासनं खरंच विचार केला. चार माणसं आपापल्या घरी गेली होती, हे त्याला ठाऊक होतं. ते आनंदाचं आहे, हेही ठाऊक होतं.

"वाटेल," तो म्हणाला. "अजून नाही वाटलं."

सुषमा त्याच्या शेजारी बसली. या वेळी ती उठून गेली नाही. थोड्या वेळानं तिनं टीव्ही लावला, आणि दोघं बातम्या बघू लागले.