उभ्याने आखलेले डोळे

अंतर्गळाचं ऑपरेशन झालं तेव्हा वैशाख होता. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "भाद्रपद संपेपर्यंत मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही." डॉक्टर घाटावरचे. गणपती करणाऱ्या माणसाला आपण काय सांगतो आहोत, हे त्यांना कुठून ठाऊक असणार!

आमच्या रत्नागिरीकडे प्रत्येक घर आपला पाट मूर्ती करणाऱ्याकडे आणून ठेवतं, आणि त्याच पाटावर त्या घरचा गणपती घडतो. एकदा ठेवलेला पाट रिकामा परत न्यायचा नाही, हा रिवाज. आषाढात आमच्या पडवीत पाट यायला लागले, तशी बायको म्हणाली, "अहो, या साली नको म्हणा." मी नाही ऐकलं. नको म्हटलं असतं तर घरात मी नुसता दुखणाईत उरलो असतो, आणि ते मला सोसणारं नव्हतं.

मग मी दिवसाला शिस्त लावली. सकाळी अंग पुसून घ्यायचं, मऊ पेज प्यायची आणि भिंत धरत धरत पडवी गाठायची. माती बायको तिंबून द्यायची. बसलं की टाक्यांच्या जागी ओढ लागे, म्हणून मूर्ती टेबलावर ठेवून मी उभ्यानेच काम करू लागलो. एखाद्या दिवशी जेमतेम एक कान व्हायचा. शिंक येईलसं वाटलं की हातातलं टाकून पोट दाबून धरायचं. पाऊस हटत नव्हता, माती वाळत नव्हती, जखमही खपली धरत नव्हती. हे सगळं कशासाठी, असं रोज वाटे. रोज खाटेवर पडल्या पडल्या उद्यापासून बंद असं ठरवायचो आणि सकाळी पुन्हा भिंत धरायचो. खोड म्हणा हवं तर.

डोळे सगळ्यात शेवटी. वडील मूर्तीसमोर मांडी घालून डोळे आखायचे, मीही जन्मभर तसेच आखले. त्या साली ते उभ्याने आखले. हात जरासुद्धा कापला नाही. त्या दिवशी मी बायकोशी बऱ्याच दिवसांनी हसून बोललो.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी लोक येऊन आपापले गणपती डोक्यावर घेऊन जाऊ लागले. खालच्या वाडीतली एक म्हातारी दर साली यायची. नवरा गेलेला, एकुलता मुलगा मुंबईला गिरणीत. न्यायचे गणपती पडवीत खाली मांडून ठेवलेले; आपला उचलण्याआधी त्याच्यासमोर घटकाभर टेकायची तिची सवय. तशी ती टेकली, मूर्तीकडे बघत राहिली, जरा पुढे सरकली, मागे सरकली.

"अरे, ह्यो माझ्याकडं बघत नाय," ती म्हणाली.

मी हसण्यावारी नेणार होतो. पण मीही टेबलाला धरून, दात आवळत तिच्या शेजारी खाली बसलो. देवाची नजर आमच्या डोक्यावरून जात होती. उभ्या माणसाने आखलेले डोळे उभ्या माणसाकडेच बघणार! पूजेला तर माणूस बसतो. उरलेल्या मूर्तींकडे बघितलं. सगळ्या तशाच.

"थांब काकी, आत्ता नीट करतो," म्हणून मी कुंचला मागितला. मांडी घालायला गेलो तोच जखमेतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. म्हातारीने माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे रे बाबा. माझ्या डोक्यावरून लांब मुंबयकडं बघतोय तो. माझा पोरगा हाय तिकडं. बघू दे त्याच्याकडं."

ती गणपती घेऊन गेली. बाकीचेही आपापले गणपती घेऊन गेले. म्हातारीने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून रडलो.

पुढच्या आषाढापर्यंत मी धडधाकट झालो. माती मीच तिंबली. पाट येत गेले, म्हातारीचा येईना. वाट बघून शेवटी बायकोला विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"त्यांनी दुसरीकडे दिलाय," ती म्हणाली. "मला बाजारात भेटल्या होत्या. म्हणाल्या, त्या बिचाऱ्याला आता कशाला तरास."