भावोजींची नाजूक मान

आमचे थोरले भावोजी म्हणजे विमानाचे पंख जोडणाऱ्या हॉलचे सुपरवायझर. पाहुणे आले की खुर्ची पुढे ओढून सुरू: "आमच्या कामात केसाएवढा फरक चालत नाही!" स्वतःच्या शर्टाचं बटण मात्र भलत्याच काजात. जाऊबाई सांगेपर्यंत पत्ता नसतो.

त्यांच्याच हाताखाली मी पंखाच्या पत्र्याला भोकं पाडते. हॉल ठरलेल्या गारव्यातच ठेवावा लागतो. पत्रा ॲल्युमिनियमचा, खालचा साचा पोलादाचा. गरम झालं की पत्रा जास्त वाढतो, मग गार झाल्यावर भोकं सरकतात. हे नव्या माणसालाही पहिल्या दिवशी सांगतात. पण भावोजींची मान पडली नाजूक! मफलर गुंडाळून यायचे आणि आल्या आल्या एसी बंद.

"भावोजी, पत्रा फुगेल हो," मी म्हणाले.

"पत्रा आहे की फुगा? तू तुझं ड्रिल सांभाळ."

व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी पत्र्याची भोकं सांगाड्याच्या भोकांशी जुळेनात. अख्खा पत्रा भंगारात. आणि या शूर माणसाने वर कळवलं काय, तर "ड्रिलवाल्या बाईंचा हात हलला." बाई! घरी "आपली माणसं, आपली माणसं" म्हणून गळा काढणार आणि इथे मी कोण, तर बाई. शी!

मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. माझी नोकरी जायची वेळ आली होती. मी एसीचं सांगितलं, तर भावोजी छातीवर हात ठेवून म्हणाले, "छे छे, भलतंच!" बाकीचे कामगार त्यांना टरकून गप्पच होते. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि माझ्या बडतर्फीच्या कागदावर सही करायला पेन उचललं.

आपण सुटलो म्हणून भावोजी सैलावले. केबिन चांगलीच गार होती. मफलर आवळत, लाडात येऊन म्हणतात कसे, "साहेब, तेवढा एसी बंद करता का? मला मुळीच सोसत नाही. हॉलमध्येसुद्धा आल्या आल्या आधी तो बंद करतो मी. खोटं वाटत असेल तर हिला विचारा, घरचीच आहे."

साहेबांचं पेन थांबलं. ते माझ्याकडे वळले.

थोरल्या दिरापुढे मी कधी आवाज चढवला नव्हता.

"हो साहेब," मी ठणकावून म्हणाले, "रोज."