पाहुण्यांच्या वहीतली खोडलेली नोंद

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेले नाही, आणि ते माझ्या नोकरीतलेही नाही. पोलीस खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी पत्नीच्या नोकरीमुळे दक्षिण जर्मनीत आलो. आल्प्सच्या पायथ्याशी, तळ्याकाठी आमचे गाव आहे. पूर्वी ते मासेमारांचे होते. रेल्वे आली आणि घराघरांत उन्हाळी पाहुणे उतरू लागले. गावच्या संग्रहालयात मी जुने कागद लावायला मदत करतो.

तिथे परदेशातून एका गृहस्थांचे पत्र आले. त्यांचे आजी-आजोबा दुसऱ्या महायुद्धाआधी दर उन्हाळ्यात इथल्या एका घरगुती अतिथीगृहात राहत. मग एका वर्षी त्यांनी येणे अचानक का सोडले, एवढेच या नातवाला जाणून घ्यायचे होते. शनिवारी ते स्वतः येणार होते.

अतिथीगृहाच्या मालकाच्या मुलीने, आता पंच्याण्णवी ओलांडलेल्या आजींनी, पाहुण्यांच्या वह्या संग्रहालयाला दिल्या होत्या. नेमकी त्या वर्षीची नव्हती. "हरवली असेल," आजी म्हणाल्या होत्या.

खबरी प्रत्येक गावात असतो. इथे तो नावाडी. म्हणाला, "हरवली? तिची कधी छत्री हरवली नाही."

मी आजींकडे निघालो तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, हे ठाणं नाही. म्हातारीला रिमांडवर घेऊ नका."

मी जुनीच रीत वापरली. एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचे. शांतता माणसाला सोसत नाही. आजींना सोसत होती. त्यांनी कॉफी ओतली, केक कापला आणि मलाच विचारले, "तुम्ही पोलीस होतात ना? कधी कुणाला दारातून परत पाठवलंत?"

खोटे बोलता आले असते. एका तालुक्याच्या ठाण्यात असताना माझ्याकडे एक कुटुंब आले होते. आडनाव ऐकून लॉजवाल्याने त्यांना खोली नाकारली होती. मी तक्रार लिहून घेतली नाही. "तंटा कशाला वाढवता, दुसरं लॉज बघा," म्हणालो. बाईच्या कडेवर मूल झोपले होते. हे मी पत्नीलाही सांगितले नव्हते. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये आजींना सांगितले.

त्या उठल्या आणि कपाटातून वही काढली.

लॉज तपासताना मी आधी खोडलेल्या नोंदी पाहायचो. इथेही एक होती. नवराबायकोची नावे, खोलीचा क्रमांक नाही, वर आडवी रेघ.

"त्या वर्षी वेशीवर पाटी लागली, ज्यू नकोत म्हणून," आजी म्हणाल्या. "ते दोघं सामान घेऊन दारात उभे. बाबांनी सवयीनं नाव लिहिलं, मग खोडलं. मी जिन्यात होते."

शनिवारी आजींनी ती ओळ पत्र पाठवणाऱ्या गृहस्थांना स्वतः वाचून दाखवली आणि माफी मागितली. त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "आजोबा सांगायचे, त्या तळ्याचा कंटाळा आला होता." आणि त्यांनी आजींचा हात हातात घेतला.

आजींचे माझ्यावर उपकार आहेत. आयुष्यभर मी लोकांचे जबाब घेतले. माझा त्यांनी घेतला. नोंद केली नाही की प्रकरण मिटते, असे मी नोकरीभर समजत होतो. आजींकडे माफी मागायला एक नाव होते. त्या कुटुंबाचे नाव मला आठवत नाही, आणि मी ते कुठे लिहिलेलेही नाही.