घरच्या पत्रावर कचेरीचा शिक्का

लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या एका दुष्काळात मी तिथं शिकत होतो. कॉलेज सकाळचं. दुपारी एका सरकारी कचेरीत रोजंदारीवर लिहिण्याचं काम. खोली सारखी बदलायची, म्हणून घरी कचेरीचा पत्ता दिला होता. थोडा मोठेपणाही होता त्यात. आमच्या घरातलं तोवर कुणी कचेरीत बसलं नव्हतं.

नायगावकडच्या आमच्या गावाहून आईचं पत्र आलं. आई सांगायची, धाकटी बहीण लिहायची. बहिणीनं कचेरीचं नाव मोठ्या अक्षरात काढलं होतं आणि माझं खाली बारीक. टपाल बघणाऱ्या अप्पांनी कचेरीचंच समजून पत्र फोडलं, त्यावर शिक्का मारला.

मी कॉलेजातून आलो तर अप्पा म्हणाले, "या नवरदेव! सोयरीक सांगून आलीय म्हणं तुम्हाला."

लग्न झालं की कॉलेज सुटणार. "पत्र कुठंय अप्पा?"

"ते आता तुझं कुठलं? म्होरं टँकर येईना म्हणून लिवलंय. म्हंजे अर्ज झाला, नंबर पडला. गाव नांदेड जिल्ह्यातलं, तवा चाललं नांदेडला."

"पण त्याच्या पुढं काय लिहिलंय?"

"टँकरच्या म्होरं कोण वाचतंय बाबा!"

अप्पा लखोट्याला डिंक लावायला बसले. नंबर पडलेला कागद परत मागता येतो का, हेही मला ठाऊक नव्हतं. शेवटी हेडक्लार्क बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो.

"बाई, माझं घरचं पत्र नांदेडला चाललंय, त्यातल्या टँकरच्या दोन-चार ओळीच सरकारच्या आहेत," एवढंच बोललो.

बाईंनी पत्र मागवलं, पत्ता बघितला. "अप्पा, नाव याचं आहे. पाण्याच्या ओळी उतरून घ्या, तेवढ्या पाठवा. पत्र त्याला द्या. आणि दुसऱ्याचं वाचायचंच, तर पुरतं तरी वाचावं हो!"

कचेरी हसली. अप्पांनी ओळी उतरवल्या आणि पत्र माझ्या हातात दिलं. मी ते घेऊन जिन्याखाली गेलो. घडीच्या आतल्या बाजूला बहिणीच्या वाकड्या अक्षरात आईचं बोलणं होतं : 'मी त्यायला न्हाई म्हून सांगितलं. आधी तुझं कालेज होऊ दे. डोक्याला तेल लावत जा.'

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा सावकाश वाचलं.

वर आलो तर अप्पा वाटच बघत होते. "काय रे, म्होरं काय निघालं?"

"खासगी हाय, अप्पा."

अप्पांनी डिंकाची बाटली बाजूला सारली. मग म्हणाले, "शिकला गड्या!" आणि दोन चहा सांगितले.