तलावाच्या पलीकडच्या काठावर

आमच्या लग्नाला दोन वर्षं होत आली होती तेव्हा राज्याची वाटणी झाली. नागपूर, अमरावती, अकोला हे सगळे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचं बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं. बाजारात, नळावर, शाळेच्या पायऱ्यांवर दुसरं बोलणं नव्हतं. सरकारी नोकरांना एक फॉर्म दिला होता. कोणत्या राज्यात नोकरी करायची इच्छा आहे, ते त्यात लिहून द्यायचं. इच्छा मानलीच जाईल असं मात्र कोणी सांगत नव्हतं.

माझे यजमान तहसील कचेरीत कारकून होते. ते मूळचे अकोल्याचे. आई, दोन मोठे भाऊ, वहिनी, सगळे तिकडेच. मी इथली. मुलींच्या मराठी शाळेत शिकवत होते, आणि जवळच्याच जसोंडी गावी माझे वडील, आबा, एकटे होते. आई मी दहा वर्षांची असताना गेली. त्यानंतर आबांनी केळी आणि कापूस सांभाळत मला वाढवलं. दर रविवारी मी डबा घेऊन जसोंडीला जायची, त्यांचं घर आवरायची आणि संध्याकाळी परत यायची.

ज्या दिवशी यजमानांनी फॉर्म भरला, त्या संध्याकाळी ते नेहमीसारखे आले, पाय धुतले, चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाले, "आज फॉर्म भरला."

मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता मी विचारलं, "चहात साखर बरोबर आहे ना?"

"आहे," ते म्हणाले.

एवढंच. काय लिहिलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आज कोणाला खरं वाटणार नाही, पण पुढचं जवळजवळ वर्ष आम्ही दोघं तसेच राहिलो. मला भीती होती की ते 'अकोला' म्हणतील. मग आबांना काय सांगायचं? आणि 'इथं' म्हणाले असते तर माझ्यासाठी ह्यांनी आई सोडली, हा भार कायमचा माझ्या मनावर बसला असता. दोन्हीकडून विचारायची हिंमत होईना.

कचेरीतली ओळखीची घरं एकेक करून हलू लागली. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू यवतमाळला गेल्या. जाताना त्यांनी आपला पाटा-वरवंटा माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवला. "ट्रकमध्ये फुटेल. तूच वापर," म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "तुमचं काय ठरलं गं?" मी म्हटलं, "अजून काही कळलं नाही." ते खोटं नव्हतं.

त्यातच यजमान संध्याकाळी उशिरा यायला लागले. विचारलं की म्हणत, "काम फार आहे." मी मनाशी धरलं की ह्यांची जायची तयारी चाललीय, कागदपत्रं आवरताहेत. मग मीही एक गोष्ट केली. अकोल्याच्या थोरल्या जाऊबाईंना गुपचूप पत्र लिहिलं. तिकडच्या मुलींच्या शाळेत जागा आहे का, जरा विचारून कळवा. जायचंच असेल तर रडत कशाला जायचं, हात रिकामे ठेवून कशाला जायचं, असा माझा विचार. पंधरा दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. जूनपासून जागा रिकामी होणार होती, त्या मुख्याध्यापिकांशी बोलल्याही होत्या. 'लवकर या, आम्ही वाट पाहतोय,' असं शेवटी लिहिलं होतं. ते पत्र मी पिठाच्या डब्याखाली घातलं आणि त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना.

मार्गशीर्षातल्या एका शनिवारी यजमान म्हणाले, "उद्या जसोंडीला दुपारून जाऊ. सकाळी तलावावर चक्कर मारू या. सायकलने."

"सायकलने? मी?"

"तुला येते की. आबांनी सांगितलंय मला."

येत होती, हे खरं. जसोंडीला आबांच्या सायकलवर मी शिकले होते, दांडीखालून पाय घालून, कैची चालवत. शाळेलाही तशीच जायची. पण लग्नानंतर बऱ्हाणपुरात कधी हात लावला नव्हता. गावात साडीतली बाई सायकलवर कोणी पाहिली नव्हती म्हटलं तरी चालेल.

सकाळी सायकलवाल्या चाचांनी दुकान उघडून एक लेडीज सायकल काढून ठेवलेली होती. यजमान आदल्या दिवशीच सांगून आले होते. चाचांनी सीट खाली केली, घंटी वाजवून पाहिली आणि म्हणाले, "बाई, ब्रेक आहिस्ता दबाना. नए डाले हैं."

पदर कमरेला खोचून मी बसले. बाजार संपेपर्यंत मान खाली होती. मागांची खटखट चालू असलेल्या गल्लीतून जाताना एका दारातल्या बायका बोलायच्या थांबल्या, तेवढं कळलं. गावाच्या वेशीच्या दरवाजाबाहेर पडलो, घरं संपली आणि माझे हात आपोआप सैल झाले.

तलावाची पाळ रुंद होती, वाट सपाट. चढ नाही, उतार नाही. पायडल मारायलाही फार लागत नव्हतं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला केळीचे बाग. पाण्यावर अजून धुकं होतं, त्यातून पाणकावळे वर येत होते आणि पुन्हा बुडत होते. दूर उत्तरेला असीरगडाचा डोंगर निळा दिसत होता. यजमान पुढे होते, अधूनमधून मागे वळून बघत होते. मी मात्र हे सगळं बघून मनात म्हणत होते, हे शेवटचंच. म्हणूनच आणलंय मला. निरोप घ्यायला.

अर्धी फेरी झाली. पलीकडच्या काठावर चिंचेची मोठी झाडं आहेत. तिथं ते उतरले. मीही उतरून सायकल धरून उभी राहिले.

"ऑर्डर आली," ते म्हणाले.

"कधी?"

"परवा."

"परवा? आणि आज सांगताय?"

"परवा घरी आलो तर तू वह्या तपासत होतीस. दोनदा तोंड उघडलं. जमलं नाही."

मी हँडल घट्ट धरलं. "अमरावती की अकोला?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "इथंच," ते म्हणाले.

"इथंच म्हणजे?"

"इथंच म्हणजे इथंच. बऱ्हाणपूर. मी फॉर्मात तेच लिहिलं होतं."

माझ्या हातातून सायकल कधी सुटली ते कळलं नाही. ती पाळेवरून घसरून खाली चिखलात पडली आणि मी होते तिथंच मातीत बसले. आधी रडू आलं आणि त्यातच हसू. ते घाबरले. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एक म्हातारी शिंगाडे काढत होती, तीही घाबरली. तिनं ओरडून विचारलं, "क्या हुआ भैया? बाई को लगी क्या?"

"नहीं, नहीं," यजमान म्हणाले, "खुशी की बात है."

"अच्छा!" ती म्हणाली आणि काठाशी येऊन तिनं ओंजळभर शिंगाडे माझ्या ओटीत टाकले. खुशी कसली ते तिनं विचारलं नाही. मला वाटतं तिनं दुसराच काही अर्थ काढला असावा.

ती गेल्यावर मी विचारलं, "आणि सासूबाई?"

"फॉर्म भरायच्या आधी मी आईला विचारून आलो होतो. कचेरीचं काम सांगून एक दिवस बाहेरगावी गेलो होतो ना, तेव्हा अकोल्यालाच गेलो होतो. ती म्हणाली, माझ्याजवळ दोन मुलगे आहेत. त्या पोरीच्या बापाला ती एकटीच आहे. तू तिथंच राहा, दिवाळीला येत जा."

इतके दिवस त्या माउलीच्या डोळ्यांना मी मनातल्या मनात उत्तरं देत बसले होते.

"मग सांगितलं का नाही?"

"लिहिलं म्हणजे मिळेलच असं होतं का? आमच्यातल्या तिघांनी इथलं लिहिलं, त्यातल्या एकाला पाठवलं बुलढाण्याला. तुला आशा लावायची आणि मग मोडायची? शिवाय मला वाटलं, तुलाच इथं राहायचं नसेल. तुमच्या शाळेत हिंदी येणार म्हणतात. तू गप्प गप्प असायचीस."

"आणि उशिरापर्यंतचं काम?"

ते लाजले. खरंच लाजले. "पंडितजींकडे जात होतो. हिंदी शिकायला. आता कचेरीत सगळी टिपणं हिंदीतून लिहावी लागणार. मला अजून 'की' आणि 'का' कुठं लावायचं ते कळत नाही."

मग मला पिठाच्या डब्याखालच्या पत्राबद्दल सांगावं लागलं. ऐकताना त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे तुला जायचं होतं?"

"मला?" मी म्हटलं. "मला तर घास गिळवेना इतके दिवस. तुम्हाला जायचंय असं समजून मी जायला निघाले होते."

ते चिंचेला टेकून इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना तसं हसताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. मग खाली उतरून त्यांनी माझी सायकल वर काढली, रुमालानं हँडल पुसलं, घंटी वाजवली. ती वाजली.

उरलेली अर्धी फेरी मला आजही जास्त आठवते. मघाचंच पाणी, मघाचेच बाग, पण आता मी बघत होते. धुकं उठलं होतं. एका बागेत घड कापायचं चाललं होतं आणि बैलगाडीत खाली पानं अंथरली होती. वाट रुंद होती म्हणून आम्ही दोघं शेजारी शेजारी चालवत होतो. निघताना सोलून पदरात घेतलेल्या शिंगाड्यांतला एक मी त्यांना द्यायची, एक स्वतः खायची. एका हातानं सायकल चालवता येते हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्यांना ते येत नव्हतं, म्हणून मी त्यांच्या तोंडातच घालत होते. तलावावर दुसरं कोणी नव्हतं.

दुपारी जसोंडीला गेलो. आबा पाटाचं पाणी बागेत वळवत होते. मी बांधावर उभं राहूनच सांगितलं, "आबा, आम्ही कुठं जात नाही. ह्यांची ऑर्डर इथलीच आली."

आबांनी फावडं मातीत रोवलं. यजमानांकडे एकदा बघितलं. "बरं झालं," म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं, आम्ही जाऊ शकतो म्हणून?"

"साऱ्या गावाले माहीत होतं. मले माहीत नसन का?"

"मग कधी विचारलं कसं नाही?"

"मी विचारलं असतं तं तू माह्याकडे पाहूनच ठरवलं असतं," आबा म्हणाले. "जावायाच्या घरचा निर्णय मी काऊन करू?"

मग ते यजमानांना म्हणाले, "या, हात धुवा. जेवायचं व्हायचंय ना अजून?" आणि स्वतः पुढे चालू लागले. घरापर्यंत ते एकदाही मागे वळले नाहीत. दारात पोचल्यावर मात्र चष्मा काढून बराच वेळ धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

त्या रात्री जाऊबाईंना मी उत्तर लिहिलं. त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता, त्याची माफी मागितली. आम्ही दिवाळीला नक्की येऊ, असं लिहिलं आणि खाली सासूबाईंना नमस्कार. नमस्काराच्या पुढे आणखी काही लिहायचं होतं. बराच वेळ पेन हातात धरून बसले. शेवटी ते यजमानांनीच माझ्या हातातून घेतलं आणि आईला आपल्या हातानं दोन ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते ह्या वेळी मी विचारलं. त्यांनी पत्र माझ्यासमोर सरकवलं.