चिकूचे पराग आणि फुग्यांची पावडर

"करवत आणा! कॉम्प्युटरच सांगतोय ना झाडं मेली म्हणून? आणा करवत!"

भाऊजी अंगणात असे ओरडले की बोर्डीच्या समुद्राला वेळेआधी ओहोटी लागली. लोक मानत नाहीत, पण मी ओट्यावरच बसलो होतो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वाडीत त्यांची जुनी चिकूची झाडं, वाडीमागच्या शेडमध्ये फुग्यांचा छोटा कारखाना. झाडांना फुलं एवढी, की रात्री फांद्या कण्हायच्या. फळ मात्र धरेना. झाडं म्हातारी झाली, म्हणत त्यांनी तलासरीहून झाडं तोडणारा बोलावला. तेवढ्यात माझी भाची, त्यांची लेक, सुट्टीवर आली. प्रयोगशाळेत पेशींचे फोटो तपासणं हे तिचं काम. "पप्पा, आधी पराग बघू. ते जिवंत असतील तर झाडांचा दोष नाही. हाताने परागीकरण करून बघता येईल."

"जिवंत निघाले तर ठेवीन. नाहीतर करवत."

फुलं भाऊजींनी स्वतः तोडली. शेडमधलं काम टाकून आले, तोडली, परत गेले. त्यांच्या झाडांना दुसऱ्याचा हात चालत नाही. त्या दुसऱ्यांत लेकही आली. भाचीने पराग काचेवर घेतले, लाल रंगाचा थेंब सोडला. जिवंत पराग रंग पितो, मेलेला फिका राहतो. मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्यातून फोटो लॅपटॉपवर गेले, सॉफ्टवेअरने मोजणी केली. फिके ठिपके लालपेक्षा कितीतरी जास्त. भाऊजींनी खांद्यावरून वाचलं आणि अंगण गाठलं.

"शेठ, चहा झाला," तलासरीवाला म्हणाला. "कुठून सुरू करू?"

"थांबा!" भाची आतून ओरडली. ती फोटो मोठा करून बघत होती. "मामा, हे फिके ठिपके बघ. मेलेला पराग सुरकुततो. त्याला असे कोपरे कुठून येतील?"

मग तिने जे केलं त्यापुढे मी आयुष्यात पाहिलेले सगळे जादूगार फिके. दोन-चार ठिपक्यांभोवती माऊसने रेघ ओढली: हा पराग, हा कचरा. तेवढ्यावरून सॉफ्टवेअर शिकलं आणि उरलेल्या गर्दीतला एकेक ठिपका ओळखून रंगवत सुटलं. गावजेवणातला वाढपीसुद्धा आपली माणसं इतक्या झटपट ओळखत नाही. काही पराग एकमेकांना चिकटले होते. "ते कसे सोडवणार?" मी विचारलं.

"फोटो म्हणजे खाचखळग्यांची जमीन समजायची. प्रत्येक खड्ड्यात पाणी भरायचं. दोन खड्ड्यांचं पाणी जिथे भिडेल, तिथे बांध."

खिडकीतून तलासरीवाला आपल्याच भातखाचरांची गोष्ट चालल्यासारखा हुंकार भरत होता. पडद्यावर बांध पडत गेले, पराग सुटे झाले. मला तर पाण्याचा आवाजही आला.

कोपरेवाला कचरा बाजूला झाला. मागे राहिले ते जवळजवळ सगळे लालबुंद पराग. भाची खुर्चीवरून उठलीच.

"पप्पा, फुलं तोडायच्या आधी हात धुतले होते?"

भाऊजी दारात आले. फुगे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लावतात ती पावडर त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत. लग्नात त्यांनी माझ्या बहिणीचा हात धरला, तो अजून पांढरा आहे. आम्ही सगळे त्या हातांकडे बघू लागलो. मग तेही बघू लागले.

"म्हणजे मेलेले पराग नव्हते ते?" मी म्हणालो. "तुमचे फुगे होते!"

तलासरीवाल्याने करवत पुन्हा गोणपाटात गुंडाळली.

"पप्पा, झाडं ठेवायची ना?" भाचीने विचारलं.

भाऊजींनी हात लेंग्याला पुसले. लेंगाही पांढराच होता.

"ठेवायची," ते म्हणाले. "फुलं तू तोडत जा."